मानसशास्त्राची पदवी घ्यायची, तर आधी शेवटचा थांबा विचारा

बैठकीत बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, की वही मिटता मिटता खरी बोलणी सुरू होतात. कुणाला रात्र रात्र झोप नाही. कुणाचा मुलगा दहावीच्या निकालानंतर खोलीबाहेर येत नाही. कुणाच्या घरात दारूनं काय मांडलंय ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आम्ही ऐकतो, पाठीवर हात ठेवतो. त्यापुढं काय करायचं असतं ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. म्हणूनच असेल, गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या प्रभागातल्या बारावी झालेल्या चार-पाच जणींनी एकच प्रश्न विचारला. ताई, मानसशास्त्रातून बीए करायचंय, कुठून करू?

आज त्याचंच बोलायचं आहे. आणि आधीच सांगून टाकतो, यातल्या एकीला आम्ही चुकीचा सल्ला दिला होता.

ती आमच्या गटाची सचिव. बारावी कला शाखेतून झालेली, मग लग्न, दोन मुलं. २०२३ मध्ये तिनं पुन्हा शिकायचं ठरवलं. रोज कॉलेजला जाणं शक्य नव्हतं, म्हणून दूरस्थ शिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर आम्हीच तिच्यासोबत गेलो. तिथं सांगितलं, आधी प्रवेश घ्या, मानसशास्त्र पुढं घेता येईल. आम्हीही मान डोलावली. पदवी सुरू तर होऊ दे, विषयाचं नंतर बघू, असं आम्ही तिला म्हणालो. गटातून तिला अंतर्गत कर्ज दिलं, तिनं दोन वर्षं पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, सगळं पास.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा निर्णय आला. मानसशास्त्र हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून, नवे प्रवेश द्यायचे नाहीत. एकट्या मानसशास्त्राचंच नाही, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न आणि पोषण, जैवतंत्रज्ञान हेही त्यात आहेत. ज्या बीएमध्ये पुष्कळ विषय असतात तिथं बाकीचे विषय तसेच चालू राहतात, तेवढं मानसशास्त्र गळतं. कारण असं, की २०२१ मध्ये आरोग्यसेवेशी जोडलेल्या व्यवसायांचा एक केंद्रीय कायदा झाला आणि त्यात मानसिक आरोग्याचं कामही धरलं आहे. माणसाच्या मनाशी काम करायचं तर समोर बसून, हाताखाली शिकून यायला हवं, असा त्यामागचा विचार. विचार काही वाईट नाही. पण ज्या बाईला घर, गोठा आणि शेत सोडून रोज तालुक्याला जाता येत नाही, तिचा रस्ता त्यानं बंद झाला, हेही तितकंच खरं.

म्हणून पहिली गोष्ट. आज कुणी तुम्हाला 'घरबसल्या मानसशास्त्राची पदवी' असं मोबाइलवर दाखवलं, तर पैसे भरू नका. समाजशास्त्र, मराठी, इतिहास घरबसल्या करता येतं. मानसशास्त्रासाठी कॉलेजच्या बाकावर बसावं लागेल.

आता बाक कुठला, हा खरा प्रश्न. आमच्या तालुक्याच्या कला महाविद्यालयांत मराठी, हिंदी, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असतं. मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत असेलच असं नाही. ते बहुतेक वेळा जिल्ह्याच्या गावी मिळतं. मग बायका काय विचार करतात? पहिलं वर्ष जवळ करू, मुलं जरा मोठी होतील, मग पुढची वर्षं जिल्ह्याला जाऊ. हा विचार चांगला आहे, आणि आता नव्या पद्धतीत तो जमतोही. फक्त तो उलट्या बाजूनं करावा लागतो. एसटीत बसताना आपण आधी उतरायचं गाव ठरवतो, मग गाडी कुठं बदलायची ते विचारतो. शिक्षणात मात्र समोर उभी असेल त्या गाडीत चढतो.

नवी पद्धत थोडी समजून घेऊ. आपल्या राज्यात संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी सुरू झाली. त्यात टक्क्यांइतकंच महत्त्व क्रेडिटला आहे. क्रेडिट म्हणजे शिकलेल्या तासांचं माप. साधारण १५ तास वर्गात शिकवलं की १ क्रेडिट. प्रात्यक्षिकाचे असतील तर ३० तासांना १. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तासांचं शिकवणं. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, आणि तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची. चौथं वर्ष केलं तर १६० ते १७६, तिला ऑनर्स म्हणतात. मधेच थांबावं लागलं तर आधीसारखं सगळं पाण्यात जात नाही. एका वर्षानंतर, वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम करून, प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनंतर पदविका. थांबलेल्या बाईला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. बाळंतपण, सासूचं आजारपण, दुष्काळात ऊसतोडीला जाणं, हे ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना ही सवलत फार मोलाची आहे.

ही क्रेडिटं जमा कुठं होतात? अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाचं एक सरकारी खातं आहे, २०२१ पासूनचं. डिजिलॉकरमधून ते उघडतं आणि आपल्याला 'अपार' नावाचा बारा आकडी क्रमांक मिळतो. एका कॉलेजात मिळवलेली क्रेडिटं दुसऱ्या ठिकाणी नेता यावीत यासाठी ही बँक.

इथंच आमची आणि आमच्या सचिवताईची फसगत झाली. बँक म्हटल्यावर आम्हाला वाटलं, पैशासारखंच असेल. शंभराची नोट नगरला चालते तशीच बीडलाही चालते. क्रेडिटचं तसं नाही. ते धान्यासारखं आहे. तुमच्या कोठारात दहा पोती ज्वारी आहे हे कुणी नाकारत नाही, पण समोरच्याला गहू हवा असेल तर तो ज्वारीची पोती गव्हात मोजणार नाही.

नव्या पदवीत विषयांचे प्रकार असतात. मेजर म्हणजे मुख्य पीक. मायनर म्हणजे आंतरपीक. मग खुल्या निवडीचे पेपर, भाषेचे, कौशल्याचे, मूल्यशिक्षणाचे, गावात जाऊन करायचं प्रकल्पकाम. दुसऱ्या कॉलेजात जाताना भाषेची आणि मूल्यशिक्षणाची क्रेडिटं धरून घेतली जाण्याची शक्यता चांगली असते, कारण ती सगळीकडं साधारण सारखी असतात. अडतं ते मेजरला. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला बसायचं, तर पहिल्या वर्षाचं मानसशास्त्र झालेलं हवं. आमच्या ताईकडं दोन वर्षांची क्रेडिटं होती, पण त्यात मानसशास्त्राचं एकही नव्हतं. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या विभागप्रमुख बाई चांगल्या होत्या, अर्धा तास बसवून त्यांनी समजावलं. पण उत्तर एकच. मेजर पहिल्या वर्षापासून करावं लागेल. ताई बाहेर येऊन पायरीवर बसली. कर्जाचे अजून सात हप्ते राहिले होते. ते हप्ते आम्हाला आजही टोचतात.

दुसरीची गोष्ट वेगळी झाली, कारण ती आधी विचारायला गेली. शेजारच्या वाडीची सून, तेवीस वर्षांची. तिनं २०२४ च्या मे महिन्यातच, प्रवेश सुरू व्हायच्या आधी, जिल्ह्याच्या कॉलेजात जाऊन विचारलं, की मी तुमच्याकडं दुसऱ्या वर्षाला आले तर पहिल्या वर्षी काय केलेलं असायला हवं? तिथल्या प्राध्यापकांनी पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम हातात दिला. तो कागद घेऊन ती तालुक्याच्या कॉलेजात गेली. तिथं मानसशास्त्र पहिल्या वर्षाला शिकवत होते, पुढं नव्हतं. तिनं तेच विषयांत घेतलं. पहिल्या वर्षाच्या शेवटी मुख्य विषय बदलण्याची मुभा आयोगाच्या आराखड्यात आहे, पण ती जागा शिल्लक असतील तरच. म्हणून निकालाची वाट न बघता तिनं अर्ज आधीच देऊन ठेवला.

एक बारीक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण त्यात पुष्कळ जणी चुकतात. खुल्या निवडीचे जे पेपर असतात ते आपल्या शाखेबाहेरचे घ्यायचे असतात. म्हणजे कला शाखेच्या मुलीनं वाणिज्य किंवा विज्ञानाकडचं काहीतरी. 'मानसशास्त्र मी खुल्या पेपरात घेईन' असा हिशेब कला शाखेत बसत नाही. ते मेजर म्हणून किंवा मायनर म्हणूनच घ्यावं लागतं. कॉलेजच्या फॉर्मवर हे रकाने शेजारी शेजारी असतात आणि प्रवेशाच्या गर्दीत कुणी समजावून सांगत नाही. फॉर्म घरी आणा, दोन दिवस ठेवा, मग भरा.

आपला भाग दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचा. आष्टीच्या बाईला बाजारासाठी, दवाखान्यासाठी नगर जवळ, म्हणजे आताचं अहिल्यानगर. पण आष्टी तालुका बीड जिल्ह्यात, आणि बीडची महाविद्यालयं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची. नगर, नाशिक आणि पुणे हे तिन्ही जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे. एकाच विद्यापीठातलं कॉलेज बदलायचं तर कागद कमी लागतात. विद्यापीठच बदललं तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, नव्या विद्यापीठाची पात्रता काढावी लागते, आणि दोन्हीकडचे अभ्यासक्रम पेपरला पेपर लावून पाहिले जातात. अशक्य नाही, पण वेळ खातं. आमचं मत विचाराल तर शिवेवरच्या बायकांनी पहिल्या वर्षालाच ठरवावं, की शेवटचं वर्ष कुठल्या विद्यापीठात करायचं, आणि शक्यतो पहिल्या दिवसापासून त्याच विद्यापीठाच्या कॉलेजात नाव घालावं, गाडीभाडं थोडं जास्त पडलं तरी. बँकेच्या नियमात आणखी एक अट आहे. जे विद्यापीठ पदवी देणार, त्याच्याकडून निदान ५० टक्के क्रेडिटं मिळवलेली असावी लागतात. दोन वर्षं एकीकडं आणि शेवटचं एकच वर्ष दुसरीकडं, असा बेत म्हणूनच कठीण जातो.

आता नावाचं. पुरुषांना हा त्रास नाही, म्हणून कुठल्या माहितीपत्रकात तो लिहिलेला नसतो. आपल्या बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असतं. आधारवर सासरचं. डिजिलॉकरचं खातं आधारवरून उघडतं, आणि कॉलेज क्रेडिटं पाठवतं ती बारावीच्या नावानं. नावं जुळली नाहीत की क्रेडिटं खात्यावर चढतच नाहीत. वाडीच्या सुनेचं असंच झालं, पहिल्या सत्राचा निकाल लागला तरी खातं रिकामं. मग विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रात नावबदल, कॉलेजच्या नोंदीत दुरुस्ती, असे तीन महिने गेले. तिची विवाह नोंदणीही झालेली नव्हती, ती ग्रामपंचायतीत आधी करून घ्यावी लागली. तुमच्यापैकी ज्यांना पुढं शिकायचं आहे त्यांनी प्रवेशाची वाट न पाहता हे आजच बघा. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, आधार, तिन्ही शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर वाचा. जन्मतारीखही वाचा. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, तेही सोबत करून ठेवा.

जे विचाराल ते लेखी विचारा. ग्रामपंचायतीत अर्ज देताना आपण पोच घेतो, आवक क्रमांक मागतो. कॉलेजात मात्र साहेब म्हणाले, बाई म्हणाल्या, एवढ्यावर घरी येतो. अर्जात साधं लिहायचं. मी अमुक कॉलेजात पहिल्या वर्षाला अमुक विषय घेणार आहे. यातले कोणते पेपर आपण मानसशास्त्र मेजरसाठी धराल? कोणते पुन्हा करावे लागतील? दुसऱ्या वर्षाला बाहेरून येणाऱ्यांना जागा असतात का? उत्तरं मराठीतून लिहिता येतात का? हजेरी किती लागते? हजेरी साधारण ७५ टक्के मागतात, पण बरीच कला महाविद्यालयं सकाळच्या वेळेत भरतात, दुपारच्या गाडीनं घरी येता येतं. तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हेही विचारा. विषय तोच, भिंत तीच, फीमध्ये मात्र मोठा फरक असतो.

आणि पदवी मिळाली की काय? इथं आम्ही गोड बोलणार नाही. बीए मानसशास्त्र झालेली बाई लगेच मानसोपचार करू शकत नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषधं देणारे. त्यांना आधी एमबीबीएस करावं लागतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं वेगळं शिक्षण आणि परिषदेकडं नोंदणी लागते. समुपदेशनाच्या बहुतेक नोकऱ्यांना एमए किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. बीए हा पाया. पण तो मानसशास्त्राचाच असेल तर एमएचं दार सोपं उघडतं, म्हणून एवढी उठाठेव. सहा महिन्यांत समुपदेशक करून देतो म्हणणाऱ्या वर्गांच्या जाहिराती आमच्याही मोबाइलवर येतात. त्यांना एकच विचारा, याची क्रेडिटं माझ्या अपार खात्यावर जमा होतील का? फोन तिकडूनच बंद होतो.

शिक्षण पुरं व्हायला पाच-सहा वर्षं लागतील, बैठकीत रडणारी बाई तेवढी थांबू शकत नाही. तिच्यासाठी टेलिमानस हा सरकारी फोन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आमच्या सचिवताईचं विचाराल, तर तिनं दूरस्थची पदवी सोडली नाही. समाजशास्त्र घेऊन ती या वर्षी पुरी करते आहे. ती झाली की कुठली कॉलेजं इतर विषयाच्या पदवीधराला मानसशास्त्राच्या एमएला घेतात, याची यादी ती काढते आहे. काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी नाही. या वेळी अर्ज तिनं स्वतः लिहिले, पोच घेतली, आणि पोचेची झेरॉक्स आमच्या हातात दिली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

वाडीची सून दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या बैठकीत स्मरणाचा प्रयोग घेऊन आली. ज्यांना काही अर्थ नाही अशा शब्दांची यादी वाचून दाखवायची आणि समोरच्यानं आठवतील तितके सांगायचे. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला म्हणे प्रयुक्त म्हणतात. आम्ही अकरा जणी प्रयुक्त होऊन बसलो. यादीतले पहिले आणि शेवटचे शब्द बहुतेकींना आठवले, मधले निसटले. तसंच होत असतं, असं तिनं सांगितलं. फक्त आमच्या खजिनदार काकूंना मधलेही आठवले, एक सोडून सगळे. काकूंची शाळा चौथीपर्यंत. सुनेनं विचारलं, कसं जमलं? काकू म्हणाल्या, ज्याचा शब्द विचित्र वाटला त्याला मी एकेका थकबाकीदाराचं नाव जोडत गेले.